गिनीवरील एक अक्षर : मुंबईच्या शाखा-टांकसाळीची सुवर्णनाणी व त्यांचा संग्रह

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत सुवर्णाविषयी चार शब्द यावेत, हे प्रसंगाला साजेसेच होय. केंदूर, पाबळ, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, घोडनदी या परिसरातील जुन्या घरांत, आणि एकंदरच मराठी मुलखात, सोन्याचे नाणे तीन नावांनी ओळखले जाते : पुतळी, मोहोर आणि गिनी. पुतळी ही मूळची इटलीतील व्हेनिस नगराची. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाच्या त्या डुकाट नाण्यावर उभ्या मानवाकृती असत, म्हणून आपल्याकडे तिला पुतळी म्हणू लागले आणि पुतळ्यांची माळ हा मराठी स्त्रीचा अलंकार ठरला. मोहोर हे नाव मोगल काळापासून रूढ झाले. गिनी मात्र इंग्रजांबरोबर आली. वास्तविक इंग्लंडमधील खरी गिनी १८१४ नंतर पाडलीच गेली नाही. आपण जिला गिनी म्हणतो ते १८१७ पासूनचे सॉव्हरिन नावाचे नाणे होय. परंतु सराफ बाजाराने नाव कायम ठेवले, आणि २२ कॅरटच्या सोन्यालाही ‘गिनी सोने’ असे म्हटले जाऊ लागले.

या गिन्यांपैकी काहींवर एक अतिशय बारीक अक्षर असते. ते अक्षर म्हणजे त्या नाण्याचे जन्मस्थान. असे एक अक्षर मुंबईचेही आहे आणि ते केवळ एकाच वर्षाच्या नाण्यांवर आढळते. त्या अक्षराचा इतिहास, त्या नाण्यांचे पुढे काय झाले आणि उरलेली नाणी कशी जपावीत, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

द्रव्यपरीक्षेची परंपरा

नाण्यांची शास्त्रशुद्ध नोंद ठेवणे ही पाश्चात्त्यांनी शिकविलेली विद्या, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. इ. स. १३१८ मध्ये, म्हणजे विक्रम संवत १३७५ मध्ये, ठक्कर फेरू या श्रीमाल जैन गृहस्थांनी ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ रचला. फेरू हे दिल्लीच्या सुलतानांच्या टांकसाळीत अधिकारी होते. तेथे येणाऱ्या नाना देशींच्या व नाना राजवटींच्या नाण्यांची नावे, त्यांचे वजन, त्यांत शुद्ध धातू किती आणि त्यानुसार मोल किती, हे त्यांनी सुमारे दीडशे गाथांत नोंदवून ठेवले. शतकानुशतके हा ग्रंथ विस्मृतीत गेला होता. विसाव्या शतकात अगरचंद नाहटा व भंवरलाल नाहटा या विद्वानांना कोलकात्याच्या ग्रंथसंग्रहात त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि मध्ययुगीन भारताच्या नाणेशास्त्राला एक अमोल साधन मिळाले.

फेरूंनी वर्णिलेली बहुतेक नाणी त्यांच्या काळीच मुशीत जात होती. जुने नाणे वितळवून नवे पाडायचे, हेच टांकसाळीचे काम. पण वितळविण्यापूर्वी नोंद करावी, ही दृष्टी त्यांच्याजवळ होती. म्हणूनच नाणे नष्ट झाले तरी त्याची माहिती उरली. पुढील विवेचनात या गोष्टीचे स्मरण वारंवार ठेवावे लागेल.

सुवर्णक्षेत्रांच्या दारातील टांकसाळी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जगात ठिकठिकाणी, बहुधा निर्जन प्रदेशांत, सोन्याच्या नव्या खाणी सापडल्या. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात, १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोने निघाले. हजारो माणसे कुदळ-फावडे घेऊन तिकडे धावली. एवढे कच्चे सोने जहाजांतून दूरच्या राजधानीत न्यायचे, तेथे नाणी पाडायची आणि पुन्हा परत आणायची, यात महिनोन्‌महिने जात. वाटेत जोखीमही मोठी. त्यावर उपाय म्हणून खाणींच्या जवळच सरकारी टांकसाळीची शाखा उघडण्याची पद्धत पडली.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १८५४ मध्ये आणि नेवाडातील कार्सन सिटी येथे १८७० मध्ये अशा शाखा सुरू झाल्या. कार्सन सिटीच्या नाण्यांवर ‘सी-सी’ अशी दोन अक्षरे असतात. तेथे पहिल्या वर्षी वीस डॉलरची केवळ ३,७८९ सुवर्णनाणी पाडली गेली. आज त्यांतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या डझनांचीच माहिती असल्याने अमेरिकन संग्राहक त्यांना सर्वांत मानाच्या नाण्यांत गणतात.

ब्रिटिश साम्राज्यात लंडनच्या रॉयल मिंटची पहिली शाखा १८५५ मध्ये सिडनी येथे निघाली. त्यानंतर १८७२ मध्ये मेलबर्न, १८९९ मध्ये पर्थ आणि १९०८ मध्ये कॅनडातील ओटावा येथे शाखा निघाल्या. सिडनीचे ‘एस’, मेलबर्नचे ‘एम’, पर्थचे ‘पी’ आणि कॅनडाचे ‘सी’ अशी त्यांची चिन्हाक्षरे होत. ओटावा येथे पहिल्या वर्षी केवळ ६३६ गिन्या पाडल्या गेल्या. या सर्व शाखांचे सॉव्हरिन वजनाला, कसाला आणि आकाराला लंडनच्या नाण्यासारखेच असे. वजन ७.९८८ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने सुमारे सव्वाआठ मासे; कस २२ कॅरट; व्यास सुमारे २२ मिलिमीटर. पुढे नक्षीही एकच झाल्यावर फरक उरला तो एवढाच, त्या एका बारीक अक्षराचा.

ऑस्ट्रेलियाची गिनी दख्खनमध्ये

ही दूरदेशीची नाणी आपल्या भागात कशी आली, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर व्यापारात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाच्या मोबदल्यात मुंबई बंदरात अमाप सोने-चांदी उतरली. सरकारने नोव्हेंबर १८६४ मध्ये असे जाहीर केले की, इंग्लंड अथवा ऑस्ट्रेलियातील अधिकृत रॉयल मिंटमध्ये पाडलेले सॉव्हरिन सरकारी खजिन्यात दहा रुपयांना स्वीकारले जाईल. हा जाहीरनामा महत्त्वाचा आहे. कारण त्यात ऑस्ट्रेलियाच्या नाण्यांचा नामनिर्देश आहे. सिडनीची गिनी हिंदुस्थानात सरकारमान्य झाली ती अशी.

पुढे चांदीचा भाव घसरत गेला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीचे दरवाजे खाजगी चांदीला बंद केले. त्यापूर्वी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याच्या चलनाची शिफारस केली आणि १८९९ च्या कायद्याने सॉव्हरिन हे पंधरा रुपये दराने हिंदुस्थानचे कायदेशीर चलन झाले. १९०० च्या सुमारास सरकारने गिन्या लोकांच्या हाती देण्याचा प्रयत्न केला. पण सामान्य शेतकऱ्याचे आणि मजुराचे व्यवहार आणे-पैशांत चालत. पंधरा रुपयांचे नाणे घेऊन आठवडे बाजारात जाणार कोण, आणि त्याची मोड देणार कोण? बरीच नाणी खजिन्यात परत आली. जी परत आली नाहीत ती व्यवहारात फिरली नाहीत. ती घरात राहिली. कोणी कडी लावून माळेत ओवली, कोणी लेकीच्या लग्नासाठी ठेवली, कोणी देवापुढे ठेवून तिची पूजा केली. जुन्या घरांतील माळांत आजही ‘एस’, ‘एम’ अथवा ‘पी’ अक्षराची गिनी निघते, त्याचे कारण हे आहे.

मुंबईची शाखा

मुंबईची टांकसाळ तशी पुरातन. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे नाणी पाडण्यास आरंभ केला. कोट भागातील सध्याची भव्य इमारत मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली १८२४ ते १८३० च्या दरम्यान उभी राहिली आणि तेथे वाफेवर चालणारी यंत्रे आली. तत्पूर्वी पेशवाईत पुणे, चिंचवड, चांदवड अशा ठिकाणी सोनार-सराफांकडून टांकसाळी चालविल्या जात. प्रत्येक टांकसाळीच्या रुपयाचा बट्टा निराळा असे आणि तो ठरविणे हाच सराफाच्या व्यवसायाचा गाभा होता. यंत्राच्या एकसारख्या रुपयाने ती विविधता हळूहळू संपुष्टात आणली.

मुंबईत सोन्याचे सॉव्हरिन पाडावे, ही कल्पना फाउलर समितीच्या शिफारशीपासूनची. परंतु लंडनच्या अर्थखात्याने शंका काढण्यात वर्षे घालविली. दरम्यान कोलारच्या खाणींनी आपले सोने इंग्लंडमध्ये विकण्याचे करार केले आणि १९०२ च्या सुमारास ही योजना गुंडाळून ठेवण्यात आली. तिला पुन्हा वाचा फोडली ती मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी. पुण्यातील महिला विद्यापीठाला आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी देणारे ते हेच दानशूर गृहस्थ. मार्च १९१२ मध्ये त्यांनी कायदेमंडळात ठराव मांडला की, हिंदुस्थानच्या टांकसाळीत सोन्याची नाणी पाडली जावीत. हिंदुस्थानचे सोने, हिंदुस्थानची टांकसाळ आणि हिंदुस्थानचे नाणे, अशी त्यामागील भूमिका होती. त्यावर पत्रव्यवहार झाला, आयोग बसला. निर्णय मात्र झाला नाही.

जे वाद-विवादाने झाले नाही ते महायुद्धाने घडवून आणले. १९१४ नंतर हिंदुस्थानातून युद्धासाठी धान्य, ताग, कापड, कातडी यांची प्रचंड निर्यात झाली. त्याचा मोबदला येथे रुपयांत चुकता करावा लागे आणि रुपयासाठी चांदी हवी. चांदी जगातच दुर्मिळ झाली. १९१७ मध्ये तिचा भाव एवढा चढला की रुपयातील चांदीची किंमत रुपयापेक्षा अधिक होऊ लागली. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची आणि १९१८ च्या प्रारंभी अडीच रुपयांची नोट काढली. जून १९१७ मध्येच एका अध्यादेशान्वये देशात आयात होणारे सर्व सोने सरकारने स्वतःकडे घेण्यास प्रारंभ केला होता. १९१८ च्या वसंत ऋतूत युद्धाच्या वार्ता बिघडल्या, तेव्हा नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची मुंबईच्या चलन-कचेरीवर झुंबड उडाली. अखेर अमेरिकेने पिटमन कायदा करून २० कोटी औंसांपर्यंत चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली आणि मोठा अनर्थ टळला.

याच धामधुमीत मुंबईच्या टांकसाळीच्या आवारात रॉयल मिंटची शाखा स्थापन करण्याचा निर्णय झाला. सॉव्हरिनचे ठसे लंडनहूनच यावयाचे होते आणि युद्धकाळात जहाजांचा भरवसा नव्हता. तोवर हातात असलेल्या सोन्याचे नाणे करणे निकडीचे होते. म्हणून सरकारने त्याच वजनाची व त्याच कसाची पंधरा रुपयांची मोहोर मुंबईच्या टांकसाळीत पाडून घेतली. ऑगस्ट १९१८ मध्ये शाखा सुरू झाली आणि गिन्या पडू लागल्या. आवश्यक कर्मचारीवर्ग मिळण्यात अडचणी आल्याने एप्रिल १९१९ मध्ये ती बंद झाली. अवघ्या नऊ महिन्यांचे हे आयुष्य. पुढे ती पुन्हा उघडावी अशी शिफारस झाली, पण ती अमलात आली नाही.

या अल्प अवधीत सुमारे २१ लाख १० हजार मोहोरा आणि सुमारे १२ लाख ९५ हजार गिन्या निघाल्या. दोन्ही मिळून चौतीस लाखांहून अधिक नाणी आणि सत्तावीस टनांहून अधिक वजन. ज्या वर्षी हे सोने मुंबईत पडत होते ते १९१८ साल इकडे किती भीषण होते, याची आठवण ठेवणे उचित होईल. त्या वर्षी पावसाने दगा दिला. शिरूर-दौंडसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांना अशा वर्षाची झळ किती बसते, हे येथील वाचकांना सांगावयास नको. त्यातच इन्फ्लुएंझाच्या साथीने गावोगावी घरे ओस पाडली. अशा काळात ज्यांच्या हाती एखादी नवी मोहोर आली असेल, त्यांच्यापाशी ती फार दिवस टिकली नसल्यास नवल नाही.

ओळख

संग्राहकाच्या दृष्टीने या दोन नाण्यांची ओळख नेमकी असणे आवश्यक आहे. मोहोरेच्या दर्शनी बाजूस पंचम जॉर्ज यांची मुकुटधारी प्रतिमा आहे. रुपयावर असते तीच. मागील बाजूस वेलबुट्टीच्या वर्तुळात इंग्रजीत ‘१५ रुपीज, इंडिया, १९१८’ असा मजकूर आहे. त्यामुळे ती ओळखण्यास कठीण नाही.

गिनीचे तसे नाही. तिच्यावरील राजाचे मस्तक मुकुटाविना असून त्याच्या मानेवर ‘बी. एम.’ ही शिल्पकार बर्ट्राम मॅकेनल यांची आद्याक्षरे आहेत. मागील बाजूस पिस्ट्रुची या इटालियन कलावंताने घडविलेले, घोड्यावर स्वार होऊन अजगराचा वध करणाऱ्या सेंट जॉर्जचे चित्र आहे. घोड्याच्या पायाखाली एक आडवी भूमिरेषा आहे आणि तिच्या खाली १९१८ हे साल. या भूमिरेषेच्या मधोमध, सालाच्या बरोबर वर, इंग्रजी ‘आय’ हे अक्षर आहे. ‘आय’ म्हणजे इंडिया. अक्षर कसले, एक बारीकशी उभी रेघच ती! भिंगाशिवाय पाहणाऱ्यास तो ओरखडा वाटतो. हे अक्षर असलेली गिनी मुंबईची. त्याच जागी ‘एस’, ‘एम’, ‘पी’ अथवा ‘सी’ असल्यास ती त्या त्या शाखेची. १८८७ पूर्वीच्या गिन्यांवर मात्र हे अक्षर निराळ्या ठिकाणी शोधावे लागते : घोड्याच्या गिनीवर राणीच्या मस्तकाच्या खाली आणि ढालीच्या गिनीवर ढालीखालच्या पानांजवळ.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. २०१३ पासून दिल्लीजवळील एमएमटीसी-पॅम्प या कारखान्यात रॉयल मिंटच्या परवान्याने सॉव्हरिन पाडण्यात आले आणि त्यांवरही ‘आय’ हेच अक्षर घालण्यात आले. त्यांवर राणी एलिझाबेथ यांची प्रतिमा आणि अलीकडचे साल आहे. केवळ अक्षर पाहून त्यांना १९१८ च्या नाण्याचे मोल देणे चुकीचे ठरेल.

दुर्मिळता मुशीत ठरते

आता या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट. मोहोरा एकवीस लाखांवर आणि गिन्या तेरा लाखांच्या आत. यावरून गिनी अधिक दुर्मिळ असावी, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. नाण्यांच्या लिलावांत व विक्रेत्यांच्या याद्यांत १९१८ ची मुंबईची गिनी बऱ्याच वेळा दिसते. मोहोर त्या मानाने विरळा, आणि तिची किंमत सोन्याच्या भावापेक्षा पुष्कळच अधिक. याचे कारण उघड आहे. गिनी जगाच्या कोणत्याही पेढीत गिनी म्हणूनच चाले. ती देशाबाहेर गेली तरी नाणे म्हणून तिजोरीत राहिली. मोहोरेला हिंदुस्थानाबाहेर नाणे म्हणून ओळख नव्हती. चलनातून गेल्यावर ती केवळ सोने उरली, आणि सोन्याची वाट मुशीकडे जाते.

मुशीकडे नेणारे प्रसंगही एकामागून एक आले. १९२७ च्या चलन कायद्याने सोन्याची नाणी कायदेशीर चलन राहिली नाहीत. त्याच कायद्याने सोन्याचा दर तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै असा बांधला गेला. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले आणि भाव चढू लागला. काही वर्षांतच तो तीस रुपयांच्या पुढे गेला. जागतिक मंदीमुळे शेतमालाचे भाव कोसळले होते, सारा आणि कर्जाचे हप्ते मात्र तेच होते. खेड्यापाड्यांतील माणसाने घरातील सोने काढले. ते तालुक्याच्या सराफाकडून मुंबईच्या झवेरी बाजारात आणि तेथून बोटीने परदेशात गेले. अर्थशास्त्रात त्याला ‘आपद्‌ग्रस्तांचे सोने’ म्हणून ओळखले जाते. त्यात किती पुतळ्या, किती मोहोरा आणि किती गिन्या गेल्या, याची गणती कोणी केली नाही.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले. दागिन्यांखेरीज अन्य स्वरूपातील सोने सरकारकडे जाहीर करण्याचे बंधन पडले. पुढे १९६८ चा कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत नाण्याच्या रूपातील सोने बाळगणे हे अनेकांना ओझे वाटे. नाणे आटवून बांगडी केली की प्रश्न मिटत असे.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. १९३३ मध्ये तेथील सरकारने नागरिकांकडील सोन्याची नाणी जमा करण्याचा हुकूम काढला आणि अगणित नाणी वितळली गेली. पण त्या हुकुमात दुर्मिळ व संग्राह्य नाण्यांना सूट होती. कार्सन सिटीसारख्या शाखांची थोडी नाणी आज दिसतात, त्यात या सुटीचा वाटा आहे. आपल्याकडे प्रत्यक्ष निर्णय झाला तो सराफाच्या काट्यापाशी. सराफाने नाण्यावरचे अक्षर पाहिले तर नाणे वाचले. केवळ वजन पाहिले तर गेले. आजही, सोन्याचा भाव चढला की, तोच निर्णय रोज कोठे ना कोठे होत असतो.

संग्रह करताना

ज्यांच्या घरी वडिलोपार्जित नाणी आहेत किंवा ज्यांना संग्रहाची आवड आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहारोपयोगी सूचना येथे देणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रथम, नाणे घासून अथवा रसायनाने चकचकीत करू नये. शतकभराची मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही आणि जाणकार ते तत्काळ ओळखतो. नव्याने कडी लावू नये. ज्याला कडी लागलेली आहे ती काढण्याच्या खटपटीत नाण्याची कड बिघडते; ते माळेतच राहू द्यावे. माळेचाही एक इतिहास असतो.

दुसरे, वजन व माप पडताळावे. नवी गिनी ७.९८८ ग्रॅम भरते. चलनात असताना ती सुमारे ७.९४ ग्रॅमच्या खाली झिजली की बाद समजत. पाण्यात बुडवून तोलल्यास तिचे वजन साधारण ०.४५ ग्रॅमने घटावयास हवे. घट यापेक्षा बरीच अधिक असल्यास धातू हलका आहे. मात्र केवळ सोने शुद्ध आहे म्हणून नाणे खरे ठरत नाही. गेल्या शतकाच्या मध्यास बैरूत व इटलीत पूर्ण कसाच्या सोन्याच्याच बनावट गिन्या पाडल्या गेल्या. कारण नाण्याला धातूपेक्षा अधिक भाव मिळत असे. कडेवरील दातऱ्यांची समानता, अक्षरांची धार आणि भूमिरेषेवरील अक्षराचा आकार भिंगाखाली पाहावा. मोहोरेचे नंतर पाडलेले फेरछापही आढळतात. शंका असल्यास जाणकाराचे मत घ्यावे.

तिसरे, कायदा जाणून घ्यावा. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. घर पाडताना अथवा विहीर खणताना सापडलेल्या नाण्यांनाही तो लागू होतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षे जुनी नाणी ही पुरावशेष ठरतात आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. १९१८ ची नाणी २०१८ मध्ये या व्याख्येत आली. परदेशी स्थायिक झालेल्या मुला-मुलींना आजीची गिनी भेट देताना हे ध्यानात असावे.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद. नाण्याचे साल, अक्षर, वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि ते घरात कोणाकडून व कोणत्या निमित्ताने आले, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. शेवटची माहिती कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. मंदिरे व न्यासांनीही भांडारात आलेली जुनी नाणी केवळ ‘सोने, अमुक ग्रॅम’ अशी न लिहिता, जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत नाणे म्हणून नोंदवावीत. नाणी विकण्याची वेळ आलीच, तरी निदान नोंद उरेल. अधिक अभ्यासासाठी मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय, पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळ आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था यांचा लाभ घेता येईल.

समारोप

सोन्याच्या संग्रहाविषयी लिहिताना जैन वाचकांच्या मनात परिग्रहाचा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. श्रावकाला परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले आहे. त्याचबरोबर तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना खोटी वजने-मापे वापरणे आणि अस्सलाऐवजी नकली वस्तूचा व्यवहार करणे यांचाही निषेध आहे. नाण्यांच्या व्यवहारात या दोन्ही मर्यादा मार्गदर्शक ठरतात. दहा नाणी साठविण्यापेक्षा एका नाण्याची पूर्ण माहिती असणारा संग्राहक अधिक श्रेष्ठ, आणि नाण्याचे खरे मोल न सांगता ते वजनावर विकत घेणे हे व्यापारी नीतीला धरून नाही.

१३१८ मध्ये ठक्कर फेरूंनी टांकसाळीच्या मुशीजवळ बसून नाण्यांची नोंद केली. त्यानंतर बरोबर सहाशे वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईच्या टांकसाळीने गिनीवर एक बारीक रेघ उमटविली. ती रेघ ज्यांच्या घरात अद्याप शिल्लक आहे, त्यांनी एकदा भिंग घेऊन ती पाहावी, मुला-नातवंडांना दाखवावी आणि वहीत उतरवून ठेवावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढे केले, तर पुढील पन्नास वर्षांनी निघणाऱ्या स्मरणिकेला लिहिण्यासाठी या परिसराचाच इतिहास हाताशी असेल.